तिला कळता कामा नये

ध्वनिरोधक खोलीचं दार तिने उघडलं, तर आत एक अनोळखी माणूस बसलेला. पेशंटच्या खुर्चीत. डोळे मिटून.

"ही झोपायची जागा नाही."

"झोपलो नव्हतो," तो तसाच म्हणाला. "ऐकत होतो."

"काय?"

"काही नाही... तेच तर."

बाहेर गवंडी भिंत फोडत होते. इथे मात्र — खरंच काही नाही. ऐकू येण्याच्या चाचण्या ती घेत असे, आणि ही शांतता आपल्या मालकीची आहे, असं तिला वाटे.

"तुम्ही कोण?"

"वरचा मजला."

"रिकामा दिसतोय."

आता त्याने डोळे उघडले. हसला नंतर. आधी बघितलं.

*आजाराबद्दल, थोडक्यात*

कानाच्या पडद्यामागे कातडी वाढू लागते. तिथे तिचं काही काम नसतं. थरावर थर साचतात, मोत्यासारखा पांढरा गोळा होतो आणि तो भोवतालचं हाड खात जातो. ऐकण्याची इवली हाडंसुद्धा. कोलेस्टिॲटोमा म्हणतात. ऑपरेशन करून गोळा काढतात, पण एखादा कण मागे राहिला तर पुन्हा वाढतो.

म्हणून हा अभ्यास. गोळा काढला की पोकळी धुवायची; काहींची नव्या औषधाने, बाकीच्यांची नुसत्या मिठाच्या पाण्याने. कुणाला काय मिळालं हे दोघांनाच ठाऊक: अभ्यासाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि वरच्या मजल्यावर बाटल्या भरणारा तो.

तिला कळता कामा नये. कळलं तर तिचा हात नकळत झुकेल. औषधवाल्या कानाला वाटलं-न वाटलं असा आवाजसुद्धा ती 'ऐकू आला' म्हणून लिहील. बुद्ध्या नाही. माणूस असल्यामुळे.

मोठ्या बाईंनी दोघांना समोर उभं करून बजावलं होतं: "हवापाण्यावर बोला. कानांवर नाही."

*हवापाणी*

"आज ऊन आहे."

"आहे."

"काल ढग होते."

"तुम्ही हवामान खात्यात का नाही गेलात?"

"तिथे तुम्ही नव्हता."

तिने फाइल उघडली.

"हे हवापाण्यातच धरायचं ना?"

"पाण्यात धरा. बुडाल."

"पोहता येतं मला."

"काठावर सगळे असंच म्हणतात."

असं बरेच महिने. तो उंच होता. जिन्यात भेटला की दोन पायऱ्या खाली उतरून उभा राही, म्हणजे डोळे डोळ्यांसमोर येत. तिने हे पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं ठरवलं होतं. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "अगं, मांजर डोळे मिटून दूध पितं, पण वाटी तर आम्हाला दिसतेय ना!"

*एक वाक्य*

अभ्यासातल्या पेशंटांत बस चालवणारे एक काका होते. वर्षापूर्वी त्यांचं ऑपरेशन झालेलं, आता शेवटची चाचणी उद्यावर आलेली. ते कान दाखवायला आले आणि व्हरांड्यातच ओरडले, "पोरी, काल मागच्या सीटवरचं भांडण ऐकलं मी! नवरा-बायकोचं. पूर्ण! बायको जिंकली."

ती हसत जिन्याकडे वळली. तो तिथेच होता, दोन पायऱ्या खाली. त्याचा चेहरा नुसता उजळला होता.

"एवढे खूश?" तिने विचारलं. विचारायला नको होतं.

"मग काय! त्यांची बाटली मी माझ्या हाताने — ते औषध —"

थांबला. पण शब्द सुटला होता.

"तू..." तिच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' गेलं. "काय केलंस हे?"

*मधली संध्याकाळ*

गप्प बसायचं? मग तिने लिहिलेला आकडा संशयाचा, आणि त्याच आकड्याच्या भरवशावर पुढे कुणाकुणाचे कान धुतले जाणार. बोलायचं? मग तो गेला. बाटल्या भरणाऱ्याने तोंड उघडलं की त्याला काढतात, यात दुमत नव्हतं.

"जेवणात लक्ष नाही तुझं," आई म्हणाली.

"आहे."

"मग ताटात पेन कशाला?"

*मोठ्या बाईंची खोली*

ती गेली तेव्हा तो आधीच आत होता.

"— बोलून गेलो," तो सांगत होता. "चूक माझी. पण पुटपुटलो नुसता. तिला ऐकू गेलेलं नाही."

बाईंनी दाराकडे पाहिलं. त्यानेही. त्याची नजर विनवत होती: मान हलव. तेवढ्यावर ती सुटली असती.

"मला ऐकू आलं," ती म्हणाली. "स्पष्ट. आणि विचारलं मीच."

बाईंनी चष्मा काढला. "कानांचा दवाखाना हा. एक म्हणतो गेलं नाही, एक म्हणते आलं. मी म्हातारीने कुणाचं ऐकायचं?"

कुणी हसलं नाही.

काकांची चाचणी बाहेरून माणूस येऊन घेणार. घडलं ते जसंच्या तसं नोंदलं जाणार. तिला समज. आणि त्याला — "संध्याकाळपर्यंत किल्ल्या द्या."

*फाटक*

एका पिशवीत त्याचं सगळं सामान मावलं होतं.

"रागावलास?"

"स्वतःवर. धड खोटंही बोलता आलं नाही."

"बोलला असतास, तर आज मी त्याच खोट्यावर चाचणी घेतली असती."

"कळतंय. दोन वर्षं गेली माझी... पण कळतंय."

रस्त्यावर दिवे लागत होते. दोघंही निघत नव्हती.

"निदान आता कानांवर बोलता येईल ना आपल्याला?"

"छे. बाकीच्या बाटल्या अजून तुझ्या डोक्यात आहेत. आणि माझ्या चाचण्या चालू आहेत."

"म्हणजे आयुष्यभर तुझ्यापासून काहीतरी लपवतच राहायचं मी?"

"अभ्यास संपेपर्यंत." मग ती थांबली. "...आयुष्यभर?"

तो अगदी कानांच्या पाळीपर्यंत लाल.

"परत घसरलास."

"हो..."

तिने त्याच्या हातातल्या पिशवीचा एक बंद धरला.

"हे मात्र," ती म्हणाली, "बाईंना सांगणार नाही मी."