डाव्या बाजूचा दिवा

"ज्यानं ही गाडी बांधली ना, त्याला हात दोनच असतील, पण बोटं नक्की बारा असणार. आणि तीसुद्धा काडीसारखी. माणसाचा हात जाईल एवढी जागा ठेवली असती, तर काय बिघडलं असतं मेल्याचं?"

हे बोलणं डॅशबोर्डखालून येत होतं. बाहेर दिसत होते ते फक्त दोन पाय आणि त्यातल्या एकात चप्पल. ती टॉर्च धरून दाराशी उकिडवी बसली होती आणि हसू दाबत होती.

बोलणाऱ्याला सगळे फ्यूजभाऊ म्हणत. कसलीही तक्रार ऐकली की गाडीकडे न बघताच "फ्यूज गेलाय" म्हणायचा, आणि बहुतेक वेळा गेलेला असायचाच. जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. ही गाडी मात्र त्याच्याही आधीच्या जमान्यातली. गोल मडगार्ड, उजवीकडे पातळ चाकाचं स्टिअरिंग, आणि वळताना मागच्याला कळवायची सोय अजिबात नाही. तपासणीवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, चारी कोपऱ्यांना इंडिकेटर लावा, मगच रस्त्यावर आणा.

"साहेब, भोक पाडू का मडगार्डला?"

"हात लावून बघ, हाताला भोक पाडीन तुझ्या," तिचा नवरा लाडानं म्हणाला. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून नुकताच घरी बसलेला माणूस. आता सगळा जीव त्या गाडीत. वडिलांची गाडी. ते गेल्यावर त्यानं तिच्यावरची ताडपत्री काढली, आणि तेव्हापासून जेवायलाही तिसऱ्या हाकेला यायचा.

सासूबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. डावा हात कोपराच्या वरपर्यंतच. तेवढ्यानं वाटी पोटाशी दाबून धरायची आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी शेंग फोडायची. दोन हातांच्या बाया मागे पडतील असा वेग. भांडी घासायच्या रबरी मोज्यांची नवी जोडी आणली की डावा मोजा त्या टेबलाच्या खणात टाकत. "खण भरलाय आता. एखादी डाव्या हाताची बाई मिळाली तर कळवा गं," असं पाहुण्यांना सांगत, आणि पाहुण्यांना हसावं की नाही ते कळत नसे.

हाताची गोष्ट घरात एका वाक्यात सांगायची पद्धत होती. पूर्वी गाडीला इंडिकेटर नव्हते. उजवीकडे वळायचं तर सासरे स्वतःचा हात बाहेर काढत, डावीकडे वळायचं तर शेजारी बसलेल्या सासूबाई त्यांचा. सासरे नुसतं "डावीकडे" म्हणत, की यांचा हात खिडकीबाहेर. गल्लीतले लोक गमतीनं म्हणायचे, बायकोचाच इंडिकेटर केलाय. एकदा घराजवळच्या वळणावर भिंतीशी अपघात झाला. "हात आत घ्यायला उशीर झाला." तेच वाक्य, त्याच शब्दांत. नवरा सांगे, नणंद सांगे, सासूबाईही सांगत.

सासरे तिला आठवत ते एक मवाळ, नीटनेटके म्हातारे. चहाचा कप स्वतः विसळून ठेवणारे. तिला ते आवडायचे.

*

संध्याकाळपर्यंत चारी दिवे लागले. भोकं न पाडता, पट्ट्या आवळून. फ्लॅशर टिकटिकला, उजवीकडचे दिवे पिवळे उघडमीट करू लागले, नवऱ्यानं टाळ्या पिटल्या. डावीकडे खटका टाकला, तेही लागले. गाडी शेडमध्ये ठेवून कुलूप लावलं.

सकाळी डावा पुढचा दिवा फुटलेला होता. काच नुसती तडकली नव्हती, तिचं पीठ झालं होतं.

"उंदीर," फ्यूजभाऊ म्हणाला.

"उंदीर काच खातो?"

"वहिनी, मी म्हटलं फ्यूज, तर तुम्ही हसता. उंदीर म्हटलं तर हसता. माणसानं बोलावं तरी काय?"

दुसरा दिवा लावला. तोही सकाळी तसाच. या वेळी पट्टीसकट पिळवटलेला, आणि पत्र्यावर लांब, मागेपुढे गेलेले ओरखडे. तिनं बोट फिरवून बघितलं. ओरखड्यांत पांढरी भुकटी होती. चुना. शेडच्या भिंती विटांच्या, उघड्या. चुना तिथे कुठेच नव्हता. आणि गाडी जागची हलली नव्हती. चाकांखाली लावलेले लाकडी ठोकळे तसेच होते.

तिनं बोट साडीला पुसलं आणि कुणाला काही बोलली नाही. या घरात न बोलायचं कसं, ते तिला इतक्या वर्षांत छान जमायला लागलं होतं.

तिसरा दिवा लावून फ्यूजभाऊ डावीकडच्या सीटवर बसला, नवरा स्टिअरिंगवर. इंजिन चालू करून खटका तपासायचा, एवढंच. ती शेडच्या दारात उभी होती. तिनं टिकटिक ऐकली. मग एक आवाज ऐकला, ओला गोळा फरशीवर आपटावा तसा. फ्यूजभाऊ दार उघडून बाहेर कोसळला, उजवी कूस धरून, तोंड उघडं, आणि श्वास काही केल्या आत जाईना.

"अरे, काय झालं?" नवरा खरोखर गोंधळला होता.

फ्यूजभाऊ भिंतीला धरून उठला. मग दुसरी चप्पल न शोधताच निघून गेला.

*

ती दवाखान्यात एक्सरे काढायचं काम करायची. दुसऱ्या दिवशी फ्यूजभाऊ तिच्याच टेबलासमोर शर्ट काढून उभा राहिला. उजव्या कुशीवर जांभळा गोल, मुठीएवढाही नाही. कोपराएवढा.

"श्वास घ्या. रोखा. सोडा." फोटो समोर आला. सातवी बरगडी स्वच्छ मोडलेली, आठवीला चीर.

"माझ्या नवऱ्यानं मारलं?" तिनं सरळ विचारलं.

"नाही ना, वहिनी. तेच तर." तो शर्टाची बटणं लावायला धडपडत होता. "दोन्ही हात स्टिअरिंगवर होते त्यांचे. मी बघतच होतो. शिट्टी वाजवत होते."

"मग?"

"मग काय. मी लाइनीतला माणूस, मला करंट कळतो. हा करंट नाही." दाराशी जाऊन तो थांबला. "त्या सीटवर म्हातारीला बसवू नका."

तो गेल्यावर ती काळ्या पडद्याकडे बघत बसली. या जागच्या बरगड्या तिनं आधी पाहिल्या होत्या. हिवाळ्यात सासूबाईंचा खोकला थांबेना, म्हणून तिनंच छातीचा फोटो काढला होता. उजवीकडे, सातवी, आठवी, नववी. मोडून जुळलेल्या, परत मोडून परत जुळलेल्या, बांबूच्या पेरांसारख्या गाठी. "आई, हे कशानं?" तिनं विचारलं होतं. "पडले असेन गं कधीतरी," सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि तिनं बरं म्हटलं होतं.

गाडीत चालवणाऱ्याचा डावा कोपर शेजारणीच्या उजव्या कुशीला लागतो. हे कळायला एक्सरे लागत नाही.

*

ती घरी पोचली तेव्हा ऊन अजून कडक होतं. गाडी शेडबाहेर, धुऊन पुसून. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून. आणि सासूबाई चांगली साडी नेसून, केस विंचरून, डावीकडच्या दाराशी उभ्या. त्यांचा चेहरा इंजेक्शनच्या रांगेतल्या पोरीचा असतो तसा.

"पहिली फेरी आईची," नवरा म्हणाला. "आता तिला हात काढायचं कामच नाही. आरामात बसायचं. मी तिच्यासाठीच तर केलं सगळं."

तो मनापासून बोलत होता. तेच वाईट होतं.

"मी बसते आधी," ती म्हणाली.

"अगं, आईला..."

"आधी मी. गाडी रस्त्यात बंद पडली तर त्या ढकलणार आहेत का?"

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. जोरात. तिनं ते हळूच सोडवलं, आत बसली आणि काच गच्च वर केली. बसता बसता तिनं पर्स उजव्या कुशीशी धरली.

गाडी सुरेख चालली. गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे. टिक टिक. मोठ्या रस्त्याला पुन्हा उजवीकडे. सायकलवाले वळून बघत होते. नवरा शिट्टी वाजवत होता. तिसरं वळणही उजवीकडचंच, आणि मग परत आपल्या गल्लीच्या मागच्या अंगाला, जिथे डावीकडे वळलं की घर. कोपऱ्यावर चुन्याची उंच भिंत, आणि तिच्याजवळ सासूबाई. घरातून चालत तिथवर आल्या होत्या.

शिट्टी थांबली.

"डावीकडे," नवरा म्हणाला.

"मग टाक ना खटका, अरे."

खटका टाकलेलाच होता. दिवा लागत होता. त्याचा पिवळा उजेड मडगार्डवर उघडमीट करत होता.

कुशीत घण बसला. पर्स मधे नसल्यासारखा. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तिनं त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही स्टिअरिंगवर.

"हात," तो म्हणाला. मवाळ आवाज. नीटनेटका.

पुन्हा घण. तिच्या आत काहीतरी मोडलं. ते मोडल्याचा आवाज तिला कानांनी नाही, दातांनी ऐकू आला.

"अहो, काढते," तिचं तोंड म्हणालं. "काढते ना, अहो."

लग्नापासून तिनं त्याला कधी अहो म्हटलं नव्हतं.

काच खाली गेली होती. डावा हात बाहेर होता, सरळ, तळवा पसरलेला. तो तिचा होता, आणि आत येत नव्हता.

भिंत आली.

आधी दिवा चिरडला. मग बोटांची पेरं चुन्यावर घासली, कातडं सोलत गेलं, अंगठी मांसात वाकली. गाडी थांबली. ती ओरडत होती. तो ऐकत नव्हता. त्याचा डावा हात सावकाश खाली आला, गिअरच्या दांड्यावर बसला आणि दांडा मागे ओढला.

गाडी मागे गेली. जागेत नीट लावण्यासाठी घ्यावी, इतकी सावकाश.

चाक किंचित डावीकडे वळलं.

गाडी परत पुढे निघाली.

गाडी आणि भिंत यांच्यामधे सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. धावल्या नाहीत. पाठ भिंतीला लावून, काचेतून आत बघत.

"अहो, पुरे," त्या म्हणाल्या.

मडगार्ड त्यांच्या पोटाला टेकलं आणि इंजिन बंद पडलं.

नवऱ्यानं डोळे चोळले. भिंत बघितली. बायकोचा हात बघितला, तिच्या मांडीवर जमणारं रक्त बघितलं. "हे... काय झालं? आई, अपघात झाला का?"

"नाही." सासूबाईंनी एकुलत्या हातानं सुनेचा हात खिडकीतून आत सरकवला, पदर काढून त्यावर दाबला. त्यांचा आवाज शेंगा सोलताना असायचा तसाच होता. "तेव्हाही नव्हता झाला. मी हात आत घेतला होता. काढ म्हणाले, म्हणून परत काढला. त्यांनी गाडी भिंतीला लावली. मग मागे घेतली, आणि परत लावली. दोनदा. तू मागच्या सीटवर झोपला होतास, म्हणून तुला कधी सांगितलं नाही."

नवरा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होता. डावा दिवा उरला नव्हता, तरी आत टिकटिक चालू होती.

"झोपलो नव्हतो," तो म्हणाला. "आणि दोनदा नाही, आई. तू बेशुद्ध पडलीस. तीनदा."