चार दिवस दडवलेली सिद्धता

या हो, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट प्रेमाची आहे, पण तिच्यातली पोरगी फार एकटी आहे. म्हणून मन लावून ऐका.

सांगलीची कौमुदी नोकरीसाठी चेन्नईत, वेलचेरीला राहायची. घरचा फोन सोडला तर दिवसभर मराठी शब्द कानी नाही. तिकडे पाऊस कार्तिकात; अशाच एका ओल्या सकाळी श्रीपेरुंबुदूरला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये एक तरुण शेजारी बसला आणि त्याच्या छत्रीचं पाणी तिच्या ओढणीवर सांडलं. "अगं बाई!" तिच्या तोंडून निघालं.

"क्षमा असावी. आपण महाराष्ट्रातील काय?"

ती खुदकन हसली. "हे कुठलं हो मराठी? बखरीतलं?"

"तंजावरचें. घरीं हेंच बोलतों. हंसू नका... नको, हंसाच. बरें दिसतें."

हा चेन्नईतल्याच मैलापूरचा कौशिक. गाडीच्या ब्रेकचा प्रोग्राम याच्या हातचा. आणि योग बघा, तो तपासायचं काम कौमुदीकडे! नुसता चालवून बघायचा नव्हे. काय हवं ते आधी नेमकं लिहायचं, मग ओळीन् ओळीचा अर्थ गणितात मांडून सिद्ध करायचं, की चढावर उभी गाडी कधीच मागे घसरणार नाही.

"माझ्या प्रोग्रामवर इतका अविश्वास?" तो विचारी.

"प्रोग्रामवर नाही हो... तुमच्यावर!"

आणि दोघं हसत.

सिद्धता पुरी झाली, की कौशिक दोन वर्षं जर्मनीला जाणार होता. सोमवारी ती पुरी झाली. कौमुदी पडद्यावरच्या हिरव्या खुणेकडे बघत राहिली... आणि कुणाला बोलली नाही. सिद्ध होत नाही म्हणजे प्रोग्रामच चुकला, असं समजून कौशिक बिचारा स्वतःची चूक शोधत बसला. बसमधलं बोलणंही आटलं.

शुक्रवारी बसमध्ये तो म्हणाला, "मज हें काम येतच नाहीं. सोडून देतों."

तिला राहवेना. "चूक नाहीच. सोमवारीच सिद्ध झालं... मी दडवलं."

"चार दिवस मी स्वतःस मूर्ख समजलों! कां?"

"तुम्ही गेलात, की... मी बोलू कुणाशी?"

तो हळूच म्हणाला, "प्रोग्रामाकडून काय हवें तें आपण आधीं लिहितां. मजकडून काय हवें, तें एकदांही बोललां नाहीं. आतां तरी बोला..."

तिचे ओठ हलले. तोच कारखान्याचं फाटक आलं, माणसं उठली.

"सिद्धतेवर आज सही करते," ती म्हणाली. "जा तुम्ही."

तो जर्मनीला गेला.

सज्जनहो, संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल, तेव्हा कौमुदीची आठवण ठेवा. तिच्यासाठी काही मागा. तिला स्वतःसाठी मागणं अजून जमत नाही.