कोहळ्यावरचे टाके

हे सगळं मी मोबाइलवर डाव्या हाताने टाइप करतेय. सवय नाही, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका. उजव्या हाताचं काय झालं तेच सांगायला बसलेय.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजा. पाचवीला विज्ञान शिकवणारी बाई आहे मी. पूर्वी कुणी मला असलं काही सांगितलं असतं, तर मी त्याच्या तोंडावर हसले असते.

तारीख २३ ऑक्टोबर २०२३. सोमवार. खंडेनवमी.

जागा म्हणजे नांदेडच्या तरोडा भागातलं आमचं तेव्हाचं भाड्याचं घर, वरचा मजला. वेळ भर दुपारची, पावणेचारची. असली गोष्ट रात्रीच घडते असं ज्यांना वाटतं त्यांनी ही वेळ नीट वाचावी.

घरात आम्ही तिघं. मी विनीता, माझे मिस्टर शिवप्रसाद आणि आमची आठ वर्षांची भार्गवी. खाली घरमालकीण मल्लम्मा, एकट्याच राहायच्या. मूळच्या देगलूरच्या. आम्ही त्यांना अम्मा म्हणतो.

मला क्रोशाचा भारी नाद. सप्टेंबरात माझ्या धाकट्या बहिणीचा, वैष्णवीचा, लातूरहून फोन आला. ती तिथे एका शाळेत शिकवते.

"ताई, आमच्या शाळेत हॅलोविन करायलेत. लोकरीचे छोटे भोपळे पाहिजेत, पांढरी भुतं पाहिजेत, लाल-पिवळ्या पानांचं तोरण पाहिजे. आणि एक मोठा भोपळा. डोक्याएवढा."

"लातुरात हॅलोविन?"

"हसू नको. गुपचूप करून दे."

मी वझिराबादच्या बाजारातून केशरी लोकर आणली आणि कामाला लागले.

छोटे भोपळे सोपे असतात. सहा टाक्यांनी सुरुवात करायची. दर फेरीला टाके वाढवत जायचं. मग काही फेऱ्या सरळ. आणि शेवटी टाके कमी कमी करत तोंड बंद करायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोठ्या भोपळ्याने मात्र जीव खाल्ला. आकारच येईना. फुग्यावर विणून बघितलं, दोन फुगे फुटले. उशीवर विणलं तर भोपळ्याऐवजी गाठोडं झालं.

आणि मग माझी नजर जिन्याच्या दाराकडे गेली...

तिथे अम्मांचा कोहळा टांगलेला होता.

देगलूरकडे दारोदार असतो तसा. काजळाने काढलेले डोळे, कुंकवाने काढलेलं तोंड. घरावर येणारी नजर तो स्वतःवर घेतो म्हणतात. दर खंडेनवमीला जुना कोहळा उतरवायचा, पूजलेल्या कोयत्याने एका घावात कापायचा आणि नवा टांगायचा. घाव पुरुषानेच घालायचा. अम्मांच्या घरात पुरुष नाही, म्हणून चार वर्षं ते काम शिवप्रसाद करायचे. झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस, पण अम्मांचा शब्द कसा मोडणार?

"त्याला उंबऱ्याच्या आत न्हाई आणायचं बरं," अम्मा म्हणायच्या. "वर्षभर काय काय पिऊन बसलंय ते."

अम्मा नवरात्रासाठी बहिणीकडे देगलूरला गेल्या होत्या. कोहळा वाळून कडक झाला होता, हलका, गोल, हवा तेवढा. मी तो उतरवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि घरात घेऊन आले. आता लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तीन दुपारी मी त्या कोहळ्यावर विणत होते. खाली तोंड उघडं ठेवलं, नाडी ओवून. म्हणजे नंतर कोहळा काढून आत कापूस भरता आला असता. सुई लागली की आतून आवाज यायचा.

खुळ्ळ...

वाळलेल्या बिया असतील, मी म्हटलं.

मी हात थांबवला...

आवाज थांबला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बघते तर केशरी लोकर तीन जागी फाटलेली. दोन भोकं वर, एक लांब चीर खाली. आणि त्या भोकांतून अम्मांनी काढलेले काजळाचे डोळे बाहेर बघत होते.

कात्रीने कापल्यासारखी साफ भोकं. घरात कात्री वापरणारं दुसरं कोण? मी भार्गवीला खाडकन एक लावून दिली. माझा हात लवकर उठतो, हे मी मान्य करते.

ती रडली नाही. गालावर हात ठेवून म्हणाली, "मी नाही कापलं आई. त्याला दिसत नव्हतं."

मी तिलाच आणखी रागावले.

मग टोपली उघडली. आत विणून ठेवलेले चोवीस छोटे भोपळे होते. चोवीसही भोपळ्यांचे देठ मानेतून कापलेले...

मी घाईघाईने नाडी सोडून कोहळ्यावरचं केशरी कवच ओढून काढलं. आतला कोहळा वाळलेला राहिला नव्हता. जड झाला होता. मऊ, गार, ओला. काजळ ओघळून खाली आलं होतं. मी तो पिशवीत कोंबला आणि पलंगाखाली ढकलला. अम्मा यायच्या आत परत टांगू, असं ठरवलं. पण खरं सांगते, त्याला पुन्हा हात लावायची माझी हिंमतच होईना.

नवमी उजाडली.

सकाळी मी घरातली हत्यारं पूजेला मांडली. विळी, पेचकस, शिवप्रसादांचा स्पॅनर, माझी कात्री आणि माझी चार नंबरची क्रोशाची सुई. प्रत्येकावर कुंकू आणि झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्यार उचलायचं नसतं, म्हणून विणकामही बंद. अकरा वाजता सहज बघितलं...

सुईवरचं फूल होतं. सुई नव्हती.

दुपारी अम्मा आल्या. थोड्या वेळाने खालून हाक आली.

"विनीता! ए विनीता! कोहळा कुठं हाय?"

मी खाली गेले. अम्मा नवा कोहळा घेऊन उभ्या होत्या. शिवप्रसाद ऑफिसातली पूजा आटोपून, आंघोळ करून आले होते. हातात पूजलेला कोयता, पात्यावर कुंकवाची पाच बोटं.

एवढंच बोलायचं होतं. अम्मा, चुकलं माझं, वर आहे. पण ज्या बाईने बजावून सांगितलं होतं तिच्यासमोर जीभ उचलेना.

"वानरांनी पाडला असेल," मी म्हणाले. "मला काय माहीत?"

अम्मांचा चेहरा उतरला.

"वानर न्हाई शिवत त्याला. खरं सांग पोरी. आज दिवस मावळायच्या आत त्याला कापावं लागतंय. वर्षभर दुसऱ्याचं घेतलंय त्यानं. घाव न्हाई मिळाला तर ते घरातलं डोकं शोधतंय."

"मला खरंच माहीत नाही अम्मा."

दोनदा खोटं बोलले. दोन्ही वेळा डोळ्यात बघून.

"शिवप्रसाद, कोयता खाली ठेवू नको," अम्मा म्हणाल्या. "पूजलेलं हत्यार घाव घातल्याबिगर न्हाई ठेवायचं. मी कोपऱ्यावरून लिंबू आणते, त्याच्यावर तरी घाल." आणि त्या लगबगीने गेल्या.

मी वर आले, पुऱ्या तळायला घेतल्या. शिवप्रसाद माझ्या मागून वर आल्याचं जिन्यावरच्या पावलांवरून कळलं. हॉलमध्ये भार्गवी खेळत होती, गाणं म्हणत होती.

मग गाणं थांबलं.

टीव्ही चालू होता, त्याचाही आवाज येईना. पुरी तेलात फुगत होती, तिचासुद्धा चुरचुर आवाज नाही...

फक्त हॉलमधून...

खुळ्ळ... खुळ्ळ...

"विनीता," शिवप्रसाद शांतपणे म्हणाले, "अगं, हा काय कोहळा. सापडला."

मी झारा हातात घेऊन तशीच दारात आले.

ते पाटासमोर मांडी घालून बसले होते. पाटावर केशरी डोकं होतं. दोन भोकं, खाली चीर. शिवप्रसादांनी लोकरीच्या कपाळावर कुंकू लावलं. वर फूल ठेवलं. डाव्या पंजाने ते डोकं पाटावर दाबून धरलं.

त्या डोक्याखाली माझ्या मुलीचा हिरवा फ्रॉक होता.

तिने ते कवच टोपीसारखं घातलं होतं. ती हलत नव्हती. ओरडतही नव्हती.

"भार्गवी कुठंय?" शिवप्रसादांनी मला विचारलं. "बोलव तिला. तिला बघायला आवडतं ना."

"अहो, तीच आहे ती! सोडा तिला!"

त्यांनी हसून माझ्याकडे बघितलं. कोयता वर गेला.

मी कशी पोहोचले मला माहीत नाही. तिच्या मानेवर मी माझा उजवा हात घातला आणि कोयता खाली आला.

दुखलं नाही. आधी आवाज आला. ऊस तोडताना येतो तसा. मग माझ्या हातातून रक्ताची चिळकांडी उडाली, केशरी लोकरीवर, पाटावर, त्यांच्या पांढऱ्या बनियनवर. माझी दोन बोटं, अंगठ्याजवळची, जाग्यावर नव्हती.

"सरक," ते म्हणाले. "एका घावात व्हायला पाहिजे."

मी डाव्या हाताने तापलेला झारा त्यांच्या गालावर हाणला. कातडी सोलून निघाली. त्यांची पापणीसुद्धा लवली नाही. मी त्यांच्या मनगटाला चावले, दात हाडापर्यंत गेले. तरी दुसरा घाव आला. मी भार्गवीचा पाय धरून तिला ओढलं, पाट दुभंगला आणि खालची फरशी फुटली. त्या फरशीवरची खूण आम्ही घर सोडेपर्यंत तशीच होती.

ते उठले. तिसऱ्यांदा कोयता उचलला. भार्गवीच्या डोक्यावरचं कवच मी एका हाताने ओढत होते आणि ते निघत नव्हतं. नाडी गळ्यापाशी आवळली होती. मी तर गाठ मारलीच नव्हती.

तेव्हा मी ओरडले. गळा फाटेपर्यंत ओरडले.

"कोहळा पलंगाखाली आहे! मी आणला! मी खोटं बोलले!"

कोयता हवेत थांबला...

शिवप्रसाद वळले. बेडरूममध्ये गेले. पिशवी ओढल्याचा आवाज आला. मग एकच घाव. घरभर कुजलेला वास सुटला.

नाडी आपोआप सैल झाली. भार्गवीने मोठा श्वास घेतला आणि किंचाळली. तिचं ते किंचाळणं ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढं आयुष्यात कशानेच वाटलं नाही. मी तिला छातीशी धरून रडत बसले, रक्त वाहत होतं तशीच.

दारात अम्मा उभ्या होत्या. मुठीत लिंबू.

त्या तडक आत गेल्या. मग त्या लुगड्याचा पदर तोंडाला लावून बाहेर आल्या, दुसऱ्या हातात बांधलेलं फडकं. शेजारच्या बजरंगला हाक मारून मला ऑटोत बसवलं आणि स्वतः ते फडकं घेऊन गोदावरीकडे गेल्या.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोटं बर्फात घालून आणा, जोडता येतील कदाचित. शेजाऱ्यांनी सगळं घर पालथं घातलं. सोफ्याखाली, कपाटामागे, मोरीत.

बोटं सापडली नाहीत. सुईही नाही.

शिवप्रसादांना एवढंच आठवतं की आपण कोहळा कापला. त्यांच्या गालावर माझ्या झाऱ्याचा डाग आहे. माझा हात समोर आला की ते बघायचं टाळतात. पोलिसांत मी लिहून दिलं, नारळ फोडताना लागलं. हे माझं तिसरं खोटं, आणि याचा मला पस्तावा नाही.

दीड महिन्याने आम्ही ती जागा सोडली. निघताना मी अम्मांचे पाय धरले आणि विचारलं, "त्या कोहळ्यात काय होतं?"

त्या मग माझ्या हाताकडे बघत हळूच म्हणाल्या, "तुझी बोटं होती विनीता. सुई धरून. लोकर घेऊन."

"म्हणजे?"

"विणून राहिली होती."

मी भार्गवीला जवळ ओढलं. "काय विणत होती?"

"लहान होतं अजून. सुपारीएवढं." त्यांनी भार्गवीकडे एकदा बघितलं आणि दार लावून घेतलं.

मी सुई पुन्हा हातात घेतली नाही. पण नसलेली बोटं मला जाणवतात. डॉक्टर म्हणतात, असं होतं, तुटलेला अवयव मेंदूला जाणवत राहतो. मीही वर्गात मुलांना मेंदू शिकवते, मला पटलं.

पण माझी बोटं नुसती दुखत नाहीत. विणतात. सुई आत, लोकर ओढ, बाहेर. भाजी चिरताना, फळ्यावर लिहिताना, आता हे टाइप करतानासुद्धा...

मोजायचं नाही असं ठरवूनही मी मोजते.

कित्येक महिने दर फेरीला टाके वाढत होते. मग एके दिवशी वाढायचे थांबले, फेऱ्या सरळ चालू झाल्या. त्या संध्याकाळी वेणी घालताना मी भार्गवीच्या डोक्याभोवती टेप धरला. फेरीतले टाके आणि तिच्या डोक्याचं माप जुळलं. एका टाक्याचाही फरक नव्हता.

यंदाची नवमी जवळ आलीय. घरातला कोयता, विळी, सुऱ्या, सगळं मी बहिणीकडे लातूरला पाठवून दिलंय. भार्गवीला शाळेतसुद्धा एकटी सोडत नाही.

गेल्या सोमवारपासून टाके कमी व्हायला लागलेत.