सिडनीचा सामना उस्मानपुऱ्यात

उस्मानपुऱ्यातल्या वाचनालयात बसून मुबश्शिरा इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात पहिल्यांदाच काही लिहीत होती, आणि लिहिलेलं तिच्या डोळ्यांदेखत नाहीसं झालं.

ती एका शाळेच्या मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवायची. कॉलेजच्या संघात स्वतः गोलकीपर होती. सिडनीत झालेल्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याबद्दल मुलींना मराठीत काही वाचायला द्यावं म्हणून तिने लेख शोधला, तर दोनच ओळी सापडल्या. स्पेन जिंकला. इंग्लंड हरला. मग इंग्लंडच्या गोलकीपरने अडवलेल्या पेनल्टीवर तिने मन लावून मोठा परिच्छेद लिहिला. चहा पिऊन येऊन पाहते तर परिच्छेद गायब, आणि त्याच्या जागी शेरा – 'संदर्भ नाही.'

"कोण शहाणा आहे हा?" ती जरा मोठ्यानेच म्हणाली.

समोरच्या टेबलावरच्या तरुणाने लॅपटॉपवरून मान वर केली. थोडा वेळ विचार केला.

"मीच," तो म्हणाला. "पण शहाणा नाय. संदर्भ नव्हता म्हणून काढलं."

"मी सामना बघितलाय. माझ्या डोळ्यांनी."

"तुमचे डोळे इथं चालत नाहीत. छापलेलं लागतं."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो गडबडला. "म्हणजे... डोळे चांगले आहेत. फक्त... संदर्भ म्हणून नाय."

टेबलामागून सत्यभामाबाईंनी पट्टी आपटली. वाचनालय त्याच सांभाळायच्या, आणि त्यांच्या राज्यात कुणी एवढं बोलत नसे.

त्याचं नाव नोमान. खुलताबादचा. शहरात एका विम्याच्या कचेरीत कामाला होता. कचेरी सुटली की गावाची बस लागेपर्यंत वाचनालयात बसायचा आणि तांदळातले खडे वेचावेत तशा ज्ञानकोशातल्या चुका वेचायचा. दोघांच्याही घरी दखनी बोलत. पण लेख मराठीत होता म्हणून भांडण मराठीत सुरू झालं, आणि पुढे सगळंच मराठीत राहिलं.

वाक्याला संदर्भ कसा जोडायचा हे त्याने तिला शिकवलं. तिने त्याला फुटबॉल शिकवला. तो आजवर चेंडूला पायसुद्धा न लावलेला माणूस. बाकीचे खेळत असताना जो उभा राहतो तो गोलकीपर, अशी त्याची समजूत होती. स्पेनच्या गोलचा मजकूर त्याने मुकाट्याने ठेवला, पण पेनल्टीवर अडून बसला. जो गोल झालाच नाही त्याला इतक्या ओळी कशाला, असं त्याचं म्हणणं.

"झाला नाही म्हणूनच," मुबश्शिरा म्हणाली. "तो होऊ नये म्हणून कुणीतरी आडवं पडलं होतं."

तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही, तेव्हा एका संध्याकाळी ती त्याला मैदानावर घेऊन गेली. नुकतीच सर पडून गेली होती. गवत ओलं होतं, गोलपोस्टवरून पाणी ठिबकत होतं. तिने त्याला गोलमध्ये उभं केलं, चेंडू ठेवला, चार पावलं मागे आली आणि मारला. चेंडू त्याच्या कानाजवळून जाळीत गेला. नोमान जागचा हलला नाही.

"काय बघत होतात?"

"तुमच्याकडं."

"चेंडूकडं बघायचं असतं." ती चेंडू आणायला गेली, ते बरंच झालं. ओठ दाबून धरले होते तिने. परत आली तेव्हा आवाज पुन्हा शिकवणाऱ्या बाईचा होता. "आणि नुसतं बघूनही भागत नाही. पेनल्टीला चेंडू सुटायच्या आधीच बाजू ठरवावी लागते. चुकली तर चुकली."

दुसऱ्या दिवशी पेनल्टीचा परिच्छेद लेखात राहिला. कुणी काढला नाही.

महिनाभरात लेख भरत गेला. संघ आले, तक्ते आले, प्रेक्षकांचा आकडा आला. स्पेनचं हे पहिलंच जेतेपद, तेही आलं. लेख जसा पुरा होत आला तशी मुबश्शिराची बोटं मंदावली. घरी विचारलं तर 'लेखाचं काम आहे' एवढं पुरत होतं. काम संपल्यावर काय सांगून या टेबलाशी बसायचं, ते तिला सुचत नव्हतं. त्याच्या मनात काय आहे तेही कळत नव्हतं. त्याचं तोंड कायम पडद्याकडे.

शेवटचा संदर्भ लागला. "झाला," नोमान म्हणाला. "झाला," तीही म्हणाली. कुणी उठलं नाही. खुलताबादची बस गेली. सत्यभामाबाईंनी पंखे बंद केले तेव्हा दोघं उठले, आणि 'भेटू' असं काही न म्हणता दोन दिशांना गेले.

दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. लेख कुणीतरी खराब केलाय, दुरुस्तीला यावं लागेल. ती ओढणी सावरतच निघाली. दोघांनी लेख नीट केला, चहा घेतला. आठवडा गेला आणि लेख पुन्हा बिघडला. मग आणखी एकदा. नाव न नोंदवता कुणीतरी हा उद्योग करत होतं. तुमच्या इंग्लंडचा कुणी दुखावलेला माणूस असेल, असं नोमान म्हणाला. असेल, असं तीही म्हणाली. मनातून तिने त्या माणसाला दुवाच दिली.

चौथ्या वेळी मात्र तिने घरीच लेखाचा इतिहास उघडला. कुणी, कधी, काय बदललं, सगळं तिथे दिसतं. ती एकेक बदल वाचत गेली. 'सिडनीत' काढून 'ऑस्ट्रेलियात' लिहिलेलं. स्पेनच्या गोलपुढे 'एकोणतिसाव्या मिनिटाला'चं 'पहिल्या अर्ध्यात' झालेलं. पंच्याहत्तर हजार सातशे चौऱ्याऐंशी प्रेक्षकांच्या जागी 'भरपूर प्रेक्षक'. आणि त्या 'भरपूर'पुढे संदर्भ जागच्या जागी, अगदी नीट लावलेला.

खोडी काढणाऱ्याने इंग्लंडला जिंकवलं असतं. स्पेनला शिवी तरी दिली असती. या माणसाने एवढा लेख मोडला, पण एकही खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. पेनल्टीच्या परिच्छेदाला तर हातसुद्धा लावला नव्हता.

मुबश्शिरा उशीत तोंड खुपसून हसली. मग उठून बसली आणि पेनल्टीचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "हा माणूस सापडला मला."

नोमानने पडद्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"मोडायचाच होता तर नीट मोडायचा," ती म्हणाली.

"खोटं लिहवत नाय हो मला. एकदा बसलो होतो, इंग्लंड दोन गोलनी जिंकलं असं लिहायला... हात उठला नाय."

"पण मोडायचा कशाला?"

या वेळी मात्र पडद्यावरची नजर काढून त्याने तिच्याकडे पाहिलं. "लेख पुरा झाला तर तुम्ही इथं कशाला याल?"

टेबलामागे सत्यभामाबाईंनी पट्टी उचलली, आणि का कोण जाणे, हळूच खाली ठेवली.

"आधी सगळं होतं तसं करा," मुबश्शिरा म्हणाली.

त्याने केलं. सिडनी आली, मिनिट आलं, प्रेक्षक मोजून परत आले. तोवर तिने दुसरं पान उघडलं होतं. त्याच्या आधीचा विश्वचषक, फ्रान्समधला. अंतिम सामन्यावर दोनच ओळी.

"हा आहे," ती म्हणाली. "त्याच्या आधीचा कॅनडातला. त्याच्या आधीचा जर्मनीतला."

"आणि सगळे संपल्यावर?"

"दर चार वर्षांनी नवा होतो."

नोमान हिशेब करावा तसा थांबला. मग सावकाश म्हणाला, "एवढी वर्षं... घरी काय सांगणार तुम्ही?"

बाजू तिने रात्रीच ठरवली होती.

"मी नाय, तुम्ही सांगायचं. जुम्म्याला तुमच्या अम्मीला घेऊन या. अब्बा त्या दिवशी घरीच असतात."

बाहेर खुलताबादच्या बसने हॉर्न दिला. तो उठला नाही. तिने तिसरी ओळ लिहायला घेतली, आणि त्याने तिचा संदर्भ शोधायला.