गाडी सुरू होईपर्यंत

अक्कलदाढ दुखायला लागली की कळ कधीकधी थेट कानात जाते. दुखणाऱ्याला हे ठाऊक नसतं. तो बिचारा कान धरून कानाच्या माणसाकडे जातो. त्या दुपारीही एक गृहस्थ कान धरून दुसऱ्या मजल्यावरच्या कानवाल्याकडे आला.

कानवाला म्हणजे डॉक्टर नव्हे. लोकांना किती ऐकू येतं ते मोजायचं आणि कमी येत असेल तर मशीन बसवून द्यायचं, हा त्याचा धंदा. त्यानं बॅटरी मारून कान पाहिला, “कान तुमचा झकास आहे, तोंड उघडा,” म्हणाला आणि गृहस्थाला दंडाला धरून तळमजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेला. इतकी वर्षं त्याच जिन्यानं चढउतार करूनही त्यानं त्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. कारण त्याचे दात चांगले होते. चांगल्या दातांमुळे माणसाचं केवढं नुकसान होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

“दात आहे,” तो म्हणाला.

“ते मी ठरवते,” डॉक्टर म्हणाली. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. आणि ते हसत होते की रागावले होते, हे नक्की करण्यासाठी अजून थोडं थांबणं भाग होतं.

तिनं आरसा घालून पाहिलं. “दातच आहे.”

“मी म्हटलं होतं.”

“तुम्ही म्हटलं म्हणून नाही, आहे म्हणून आहे.” मग हातमोजे बदलता बदलता म्हणाली, “तुम्ही वरचे ना? माझ्या बाबांना ऐकू येत नाही. म्हणजे… जे ऐकायचं नसतं ते.”

“ते कुणालाच येत नाही. पण बघतो.”

तर अशी सुरुवात झाली. तिघांत एकट्या गृहस्थाचंच दुखत होतं, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

रविवारी कानवाला मशीन घेऊन तिच्या घरी गेला. गल्लीच्या टोकाला घर, बाजूला पत्र्याची शेड. बाबांनी मशीन लावून घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे संशयानं पाहिलं आणि लेकीला म्हणाले, “तू एवढी ओरडून का बोलतेस गं?”

“सवय झालीय बाबा.”

“मोड.” मग ते कानवाल्याकडे वळले. “चल रे. घड्याळ काय ऐकायचं! गाडी ऐकवतोस का?”

गाडी शेडमध्ये होती. बाबांच्या तरुणपणी घेतलेली, बटाट्याच्या आकाराची. गिअर बदलल्याचं ऐकू येईना तेव्हा बाबांनी चालवणं सोडलं, आणि गाडीनंही मग फारसं मनावर घेतलं नाही. आता ती सुरूच होत नव्हती.

“आणि नाही होत तेच बरं आहे,” डॉक्टर हळूच म्हणाली. “माझा दादा आम्हाला दोघांनाही त्याच्या गावी बोलावतोय. मोठं घर आहे, मला तिथल्या मोठ्या दवाखान्यात जागाही बघून ठेवलीय. बाबा म्हणतात, येतो, पण माझ्या गाडीनं. तिच्या स्वतःच्या चाकांवर. टेम्पोत घालून नेलंत तर मीही येणार नाही.”

“म्हणजे गाडी सुरू झाली की तुम्ही जाणार?”

“सुरू झाली तर.”

कानवाल्याची कॉलेजची बरीच वर्षं मामाच्या खटाऱ्याखाली उताणं पडून गेली होती. डिग्री तेवढी त्याला बाहेर येऊन घ्यावी लागली. त्यानं बाह्या सरसावल्या. बॅटरी पार बसली होती, ती चार्जिंगला न्यायची ठरली. टाकीतल्या पेट्रोलला जुन्या रंगाचा वास येत होता, ते काढून टाकलं. मग त्यानं डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडून तिला आत दाखवलं.

“हा रोटर.”

अंगठ्याएवढा काळा तुकडा होता. वर पितळेची पट्टी.

“एवढुसा? करतो काय?”

“वाढप्याचं काम. गोल फिरत प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट वाढतो. हा नसेल तर बाकी सगळं नवंकोरं असून उपयोग नाही, गाडी सुरू होणारच नाही. पूर्वी लोक चोरांच्या भीतीनं रात्री हाच काढून खिशात ठेवायचे.”

“दाढ काढून बटव्यात ठेवल्यासारखं.”

तो हसला. ती वाकून बघत होती. तिच्या केसांना दवाखान्याचा लवंगेसारखा वास येत होता, आणि त्याला झाकण लगेच बसवावंसं वाटेना. मागे बाबा स्टुलावर बसून कानातलं मशीन चाचपत होते.

पुढच्या रविवारी तो चार्ज केलेली बॅटरी घेऊन आला. जुन्या गाडीचा बिघाड शोधायला दोन माणसं लागतात: एक आत बसून किल्ली फिरवायला, दुसरं इंजिनाशी वाकायला. मधे उघडलेलं बॉनेट. त्याच्या खालच्या फटीतून तिला त्याच्या बोटांपलीकडे काही दिसत नव्हतं, आणि त्याला फक्त तिचे डोळे दिसत. पुन्हा डोळेच!

“मारा!”

स्टार्टर गरगर फिरला. इंजिन ढिम्म.

“बास! बॅटरी ठणठणीत आहे. आता करंट बघतो.” त्यानं एका प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली. “मारा!… बास!”

ठिणगी नाही. त्यानं डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं.

रोटर नव्हता.

त्यानं बोट घालून रिकामी जागा चाचपली. गेल्या रविवारी होता. त्यानं स्वतः दाखवला होता. कुणाला? तिला. शेडची किल्ली कुणाकडे? तिच्याकडे. आणि गाडी सुरू झाली की काय होणार होतं?

त्यानं फटीतून पाहिलं. डोळे अगदी निरागस होते. इतकं निरागस दिसायला बरीच तयारी लागते, असं त्याला वाटलं.

“सापडलं काही?” तिनं विचारलं.

“नाही बुवा,” तो झाकण लावत म्हणाला. “करंट येत नाही. शोधावं लागेल. पुढच्या रविवारी येतो.”

त्या दिवशी घरी जाताना तो शीळ वाजवत होता, असं बघणारे सांगतात. बाईनं त्याच्यासाठी गाडीतून रोटर काढून ठेवला होता. एवढं स्पष्ट प्रेम त्याच्या पाहण्यात दुसरं नव्हतं. आता बोलायचं उरलंच काय होतं?

इथेच घोळ झाला.

मग रविवारांमागून रविवार गेले. त्यानं प्लग काढले, घासले, लावले. कार्बोरेटर सुटा करून पेट्रोलमध्ये धुतला. धडधाकट वायरी बदलल्या. ती किल्ली फिरवायची, गाडी ढिम्म राहायची, आणि बॉनेटच्या दोन बाजूंनी गप्पा चालायच्या.

“डॉक्टर, तुमच्याकडे पेशंट खोटं बोलतात?”

“सगळेच. रोज दोनदा घासतो म्हणतात.”

“आणि तुम्ही ओळखता?”

“तोंड उघडलं की कळतं.”

“मग तुम्ही स्वतः कधी…” तो फटीतून बघत म्हणाला, “एखादी गोष्ट लपवून ठेवली, तर?”

ती गडबडली. कारण एक गोष्ट ती लपवून होतीच. शनिवारी संध्याकाळपासून ती कपाटासमोर उभी राहून उद्या काय घालायचं ते ठरवत असे, आणि एका बंद गाडीसाठी हे जरा जास्त होतं. “मी काय लपवणार?” ती म्हणाली. “चला, मारू का?”

“मारा!”

ढिम्म.

घरात गेल्यावर ती बाबांना म्हणाली, “माणूस चांगला आहे हो. पण त्याला गाडीपलीकडे काही दिसत नाही.”

बाबांनी मशीन कानातून काढून पुसलं आणि परत घातलं. “दिसेल,” ते म्हणाले.

एका रविवारी पाऊस होता. पत्र्यावर असा ताशा वाजत होता की गप्पा मारायच्या तर एका बाजूला यावं लागलं. ती गाडीतून उतरून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघांच्या डोक्यावर बॉनेट, बॉनेटवर शेड, शेडवर पाऊस. तिच्या कोपराला त्याच्या हाताचं ऑइल लागलं. तिनं पुसलं नाही.

“दादाचा फोन आला होता,” ती म्हणाली. “त्या दवाखान्यात जागा फार दिवस रिकामी ठेवणार नाहीत. या आठवड्यात कळवा म्हणतोय.” ती थांबली. “काय सांगू… त्याला?”

आता हा प्रश्न किती सोपा होता! दोन शब्दांत उत्तर होतं, आणि दुसरा शब्दही ऐच्छिक होता. पण कानवाला गोड हसला. रोटर हिच्याच पर्समध्ये आहे, ही आपल्याला खेळवतेय, आपणही खेळावं — अशा विचारात तो डोळे मिचकावून म्हणाला, “सांगा, गाडी अजून सुरू होत नाहीये.”

 तिनं कोपर पुसलं.

“बरं,” म्हणाली. “तसं सांगते.”

त्या शुक्रवारी संध्याकाळी बाबा काठी टेकत दुसऱ्या मजल्यावर आले. कानवाल्याला वाटलं, मशीन शिट्टी मारत असणार. बाबांनी खुर्चीवर बसून दम खाल्ला, खिशातून रुमाल काढला आणि तो काउंटरवर उलगडला.

रुमालात रोटर होता.

“काका… हा तुमच्याकडे?”

“मग कुणाकडे असणार? तूच सांगितलंस ना, हा नसेल तर गाडी सुरू होणार नाही. पहिल्यांदाच एवढं स्वच्छ ऐकू आलं मला. त्याच रात्री काढला. तिची किल्ली तिच्या उशाशी असते.”

“पण… कशासाठी?”

“कशासाठी!” बाबांनी काठी आपटली. “अरे, तुम्हा दोघांना बोलायला वेळ मिळावा म्हणून! इतके रविवार दिले तुला. तू काय केलंस? प्लग घासलेस!”

कानवाल्यानं रोटर उचलून उलटसुलट पाहिला. शेवटी तो म्हणाला, “मला वाटलं, डॉक्टरांनी काढलाय.”

बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. शिकल्यासवरलेल्या माणसानं इतकं गाढव कसं असावं, याची नोंद घेतल्यासारखे.

“तिनं सोमवारीच दादाला हो सांगितलं. इथल्या दवाखान्याला नवीन डॉक्टरही मिळाली. आम्ही उद्या सकाळी निघतोय. गाडी भंगारात द्या म्हणाली.”

“काका, तुम्ही तिला आधीच…”

“मी सांगितलं असतं तर ती बापासाठी थांबली असती. मला ती तुझ्यासाठी थांबायला हवी होती.” ते उठले. “आता लावून टाक. निदान गाडी तरी चालू दे.”

शनिवारी सकाळी सामानाचा टेम्पो पुढे गेला होता. घराला कुलूप होतं, आणि बाबांच्या हट्टापायी ती शेवटचं एकदा गाडीत किल्लीशी बसली होती. कानवाल्यानं झाकण उघडलं, रोटर बसवला, झाकण लावलं. चहा गाळायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

“मारा,” तो म्हणाला.

एकदा खोकली, आणि गाडी सुरू झाली. सगळी शेड थरथरायला लागली. बाबांनी मागच्या सीटवर बसून आवाज ऐकला, मान डोलावली आणि मग दोघांकडे बघून कानातलं मशीन काढून खिशात टाकलं. “फार आवाज आहे बाबा,” असं कुणी न विचारताच म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

ती उतरून पुढे आली. “काय होतं?”

“रोटर नव्हता.”

“केव्हा कळलं?”

“दुसऱ्याच रविवारी.”

“आणि मग इतके दिवस…?” तिचा आवाज चढला. इंजिन चालू होतं म्हणूनही असेल. “मी वेड्यासारखी किल्ली फिरवतेय, आणि तुम्हाला माहीत होतं?”

“मला वाटलं, तुम्ही काढलाय.”

“मी कशाला काढीन?”

“मी… येत राहावं म्हणून.”

गाडी आपली धडधडत होती. तिनं एकदा मागच्या सीटकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेरची कोरी भिंत मन लावून बघत होते. तिला सगळं कळलं.

“सुचलं असतं,” ती सावकाश म्हणाली, “तर काढला असता.”

कानवाल्यानं हातातलं फडकं उगाच पुसलं. म्हणजे फडक्यानं हात नव्हे, हातानं फडकं.

“डॉक्टर, आता थांबा म्हटलं तर?”

“आता नका म्हणू. खुर्ची दुसरीच्या नावावर झाली. तिनं पडदेही बदलले. तिकडे दादानं मुलांची खोली रिकामी केलीय, सोमवारी पेशंट बोलावलेत… मी हो म्हणून बसलेय.” तिनं ओठ दाबले. “मी तुम्हाला विचारलं होतं.”

“मला वाटलं, उत्तर तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत असलं तरी ऐकायचं असतं हो,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला सांगावं लागलं असतं तर ठीक होतं. तुम्ही तर कानाचे.”

ती परत जाऊन गाडीत बसली. त्यानं बॉनेट खाली घेतलं. गाडीत बसलेली ती त्याला पहिल्यांदाच मधे बॉनेट न येता काचेतून पूर्ण दिसली. मास्क नाही, फट नाही, सबंध चेहरा. आणि ती रडत होती.

“रस्त्यात बंद करू नका,” तो खिडकीशी वाकून म्हणाला. “बॅटरी जुनी आहे. बंद पडली तर… परत सुरू होईलच असं नाही.”

“आणि पडली तर?”

“मला फोन करा. मी येतो. कुठेही.”

तिनं मान हलवली, गिअर टाकला. बाबांनी मागे वळून हात वर केला.

गाडी गल्लीतून निघाली. कानवाला शेडच्या दारात उभा राहून ऐकत होता. वळणावर ती जरा अडखळली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण दुरुस्त केलेलं इंजिन बंद पडावं म्हणून त्यानं श्वास रोखला.

बंद पडलं नाही. वळण घेऊन आवाज पुढे गेला, बारीक होत होत नाहीसा झाला. कुठेही खंड नाही, खोकला नाही. पडणार तरी कसं? इतके रविवार घासलेले प्लग होते.