चिठ्ठी न बांधलेलं उमे

"तुला मैत्रीण आहे का?"

पैज होती ती! नदीकाठच्या झाडांच्या बाजारात तिच्या मैत्रिणी माहो आणि रित्सु दांगो नावाचे गोड लाडू विकणाऱ्याच्या गाडीआड लपल्या होत्या, आणि पैजेतून मागे हटेल तर ती कोझुए कसली! पण मुळांच्या गोळ्यावर गवताची दोरी आवळणाऱ्या त्या मुलानं मान वर केली... आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"झाडांपैकी विचारताय की माणसांपैकी?"

"झा—झाडांपैकी! आईबाबांनी मला निवडायला सांगितलंय. नव्या घराच्या दारापुढचा कोपरा आहे. छोटंसं हवं, आणि अख्ख्या गल्लीच्या आधी फुलणारं."

"मग या इकडे, ग्राहकबाई."

शुन्पेई त्याचं नाव, दुकान त्याच्या आजोबांचं. शाळेचं शेवटचं वर्ष. मार्चमध्ये तो दूर सैतामाला, मोठ्या माळ्याकडे शिकायला जाणार होता. त्यानं पिवळ्या ठिपक्यांएवढ्या फुलांची सान्शुयू दाखवली, लवकर फुलणारी गुलाबी चेरी दाखवली, आणि मग कमरेएवढं पांढरं उमे, जपानी आलुबुखाराचं झाड. एकही पान नाही, नुसती फुलं! तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली. त्यानं छत्री उघडली ती झाडावर.

"आणि मी?"

"तुम्ही कुठे फुललाय?"

"बघा तरी नीट!"

त्यानं बघितलं... आणि घाईघाईनं कानामागची पेन्सिल काढली. "चिठ्ठीवर नाव लिहू? चिठ्ठी बांधली की झाड तुमचं."

म्हणजे खरेदी संपली. मग पुढच्या शनिवारी कशाला यायचं? कोझुएनं ओठ मुडपले. "अं... अजून ठरत नाहीये."

असे तीन शनिवार गेले. ती रताळ्याचा गरम दांगो आणायची, तो अर्धा खायचा, पेन्सिल काढायचा, आणि ती म्हणायची, "चेरीच बरी वाटतेय बाई..." किती हुशार वाटायची ती स्वतःलाच!

चौथा शनिवार, बाजाराचा शेवटचा दिवस. उमेवर चिठ्ठी होती. ओगाता.

"हे माझं होतं!"

"तीनदा विचारलं तुम्हाला," शुन्पेई हळूच म्हणाला. "वाटलं, आवडलंच नाही. काल ओगाता आजी आल्या..."

"चिठ्ठी बांधली असती तर इथं यायला निमित्तच उरलं नसतं ना!"

झालं. बोलून गेली ती. त्याच्या हातातली दोरी खाली पडली.

"कोझुए..." पहिल्यांदाच नुसतं नाव. "चिठ्ठी बांधली की झाड आम्ही घरी येऊन लावतो. पुढची तीन वर्षं फुलं गळली की छाटायलाही येतो. मी आजोबांना सांगून ठेवलं होतं, त्या मुलीचं घर माझं. त्यासाठी सैतामाहून येणार होतो."

"मग दुसरं उमे दे!"

"संपली. आणि तिकडचे मालक छाटणीच्या दिवसांत एकाच दिवसाची सुट्टी देणार. ती अख्खी आता ओगाता आजींच्या बागेला कबूल केलीय मी."

शब्द दिलेला माणूस तो. मोडता येईना त्याला, आणि मोड म्हणवेना तिला. दोघांनी दांगो खाल्ला, गार झालेला. निघताना तो म्हणाला, "मला एक आवडली होती... म्हणजे, झाडांपैकी नाही." ती हसली, आणि पुलापर्यंत रडत गेली.

घरी आई उंबऱ्यातच होती. "ठरलं का एकदाचं?"

"ठरलं." कोझुएनं बूट काढले, नाक पुसलं आणि बाबांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "यंदा काही लावायचं नाही. कोपरा मोकळा राहू दे. पुढच्या वर्षी बाजाराच्या पहिल्याच दिवशी मी एकटी जाणार, आणि जे आवडेल ते आवडलं म्हणून तिथल्या तिथे सांगणार. मोठ्यांदा!"