संचातली धार

सांगलीतलं शेवटचं संगीत सभागृह बंद पडलं, तेव्हा फारसं कुणी हळहळलं नाही. हल्लीच्या गायकांचे मळकट आवाज ऐकायला तिकीट काढून जायचं कशाला? घरातल्या संचावर जुनी ध्वनिमुद्रणं लखलखीत वाजत होती. घरोघरच्या संचांत आता ‘कर्णजुळणी’ होती. ऐकणाऱ्याचा कान ओळखून संच आपला आवाज त्याच्यापुरता घडवत असे.

कालिंदीबाई हेरवाडकरांचा संचही तसाच होता, गेल्या महिन्यापर्यंत. मग एका सकाळी त्यांच्या गुरुजींच्या ध्वनिमुद्रणातली धार गेली. तंबोऱ्याची जवारी, तारांची ती झणकार, बोथट झाली आणि तार षड्जावर, वरच्या ‘सा’वर, कुणी घोंगडी टाकल्यासारखं वाटू लागलं. बाईंनी वायरी बदलून घेतल्या, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, जाड पडदे काढून टाकले. उपयोग शून्य.

मग त्यांची नजर चैत्रालीवर गेली. ही मुलगी गाणं शिकायला घरी राहायला आली आणि त्याच आठवड्यात संच बिघडला. ती बाजारात गेली की संच ठणठणीत, परत येऊन शेजारी बसली की पुन्हा मळका, हेही बाईंनी पारखून ठेवलं होतं. पोरगी कशाला तरी हात लावते, नक्की. स्वतःचा आवाज फिका, तेव्हा गुरुजींचाही फिका वाटावा म्हणून?

रविवारी तिला घरी धाडायचं बाईंनी ठरवलं आणि तिला तसं सांगितलंही. पण पुरावा हवा, म्हणून त्यांनी रेवा तगारेला बोलावलं. रेवा एके काळी त्यांची शिष्या होती. गाणं सुटल्यावर तिने ध्वनिशास्त्रात संशोधन केलं.

चैत्राली आत चहा करत होती. रेवाने मोजणी संपवली.

“संच ठीक आहे, बाई.”

“म्हणजे मला भास होतायत?”

“भास नाही. चैत्रालीमुळेच होतंय.”

“मी म्हणत नव्हते?” बाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“तिने कशालाच हात लावलेला नाही. ती फक्त इथे बसते.” रेवाने खुर्ची जवळ ओढली. “कान नुसता ऐकत नाही, उत्तरही देतो. आवाज आत गेला की तिथल्या सूक्ष्म पेशी हलतात आणि अगदी क्षीण आवाज बाहेर येतो. आपल्याला तो ऐकू येत नाही, संचाला येतो. कोणती कंपनं कानाला कमी पोचतात हे त्यावरून संच ताडतो आणि नेमकी तीच वाढवतो. वय झालं की वरच्या कंपनांच्या पेशी आधी मरतात. सूर नीट कळत राहतो, जाते ती आवाजाची धार.”

“आणि ही पोरगी?”

“तिचे कान कोवळे. तुमच्यासाठी वाढवलेला आवाज तिला इजा करेल. म्हणून दोघी असलात की संच तिची बाजू घेतो आणि वाढवणं थांबवतो. तेव्हा तुम्ही गुरुजींना स्वतःच्या कानांनी ऐकता.”

बाईंनी संचाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “किती वर्षं हे चाललंय?”

“संच घेतल्यापासून. इतकं हळूहळू, की कळायचं कारणच नव्हतं.”

“मला कुणी विचारलं का?”

“सगळे खूश होते, बाई. कोण कुणाला विचारणार?”

संच घेतल्यावरच कधीतरी बाईंनी रेवाला सांगितलं होतं, तुझ्या गळ्यात धार नाही, दुसरं काही बघ. बाईंनी तिला निरखलं. “हे तू मला मुद्दाम तर सांगत नाहीस ना?”

रेवाने पिशवीतून एक डबी काढली. तिने बाईंच्या कानांत दोन छोटी यंत्रं बसवली. “संच ध्वनिमुद्रणाला जे करतो, तेच हे समोरच्या माणसाच्या आवाजाला करतं. चैत्राली, गा जरा.”

चैत्राली चहाचा ट्रे ठेवून उभ्यानेच गायली. घोंगडी निघाली. लखलखीत, उभा तार षड्ज. बाईंच्या डोळ्यांपुढे एकेक मुलगी येत गेली, जिला त्यांनी परत पाठवलं होतं. गुरुजींना त्यांनी संचाच्या कानाने ऐकलं होतं आणि या मुलींना स्वतःच्या. गावानेही तेच केलं होतं, आणि सभागृहाला कुलूप लागलं होतं.

“ही धार तिची की तुझ्या यंत्राची?”

“तिची असावी.”

“असावी?”

“यंत्राला आजचा कान मोजता येतो, बाई. तरुणपणी तुम्हाला गुरुजी कसे ऐकू यायचे, ते नाही. मी थोडं कमी केलं तर ही फिकी वाटेल, थोडं वाढवलं तर गुरुजींच्या तोडीची. बरोबर किती, हे मला कुठे ठाऊक?”

बाईंनी यंत्रं काढून तिच्या हातावर ठेवली.

“मी सामान बांधलंय,” चैत्राली हळूच म्हणाली. “रविवारी जायचंय ना?”

“कुठे जायचं नाही. बस समोर.”

बाईंनी तंबोरा जुळवला. डोळे मिटून त्यांनी स्वतःचा तार षड्ज लावला आणि श्वास पुरला तोवर धरून ठेवला. मग, स्वतःच्या कानांवर भरवसा न उरल्याने, आजवर कुठल्याही शिष्येला विचारलं नव्हतं ते विचारलं.

“धार होती?”

“होती, बाई,” चैत्राली म्हणाली. लगेच म्हणाली. जरा जास्तच लगेच.

बाईंनी रेवाकडे पाहिलं. ती मान खाली घालून यंत्रं डबीत भरत होती.